एलईडी भिंतीचे नियोजन करून देणारी सेवा : नाशिकच्या एका दालनातील अनुभव

ब्रह्मगिरीपासून रामकुंडापर्यंतचा गोदावरीचा प्रवास दाखवणारे एक दालन आमच्या विश्वस्त संस्थेने त्र्यंबक रस्त्यावरील आपल्या इमारतीत उभारले असून, त्यातील मोठ्या एलईडी भिंतीचे नियोजन शहरातील एका तांत्रिक सल्लागार कार्यालयाकडून करून घेतले आहे. स्क्रीन विकणारे विक्रेते हवे तितके मिळतात. पण स्वतः काहीही न विकता केवळ आराखडा, तपशीलपत्रक आणि उभारणीवरील देखरेख एवढेच काम अंगावर घेणारे लोक शोधावे लागतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर अशी दालने करू पाहणाऱ्या संस्थांना उपयोग व्हावा, म्हणून या सेवेचे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. करार अद्याप चालू असल्याने कार्यालयाचे नाव देत नाही.

आमच्याकडे आधीच आलेली विक्रेत्यांची दरपत्रके त्यांनी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो प्रेक्षक कुठे उभा राहणार हा. दालन ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. रिकाम्या दालनात जमिनीवर चिकटपट्ट्या लावून त्यांनी भिंतीपासूनची अंतरे आखली आणि इमारतीत आलेल्या लोकांना नुसते आत सोडून ते कुठे थांबतात, हे पाहिले. मोकळीक मिळाली की माणूस भिंतीजवळ जातो आणि मुले तर थेट हात लावायलाच जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यानुसार भिंतीपासून अडीच मीटरवर कठडा ठरला आणि त्या अंतरावरून पुढचे सगळे गणित मांडले गेले.

हे गणित ज्याला पिक्सेल पिच म्हणतात त्याचे, म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांमधील मिलिमीटरमधल्या अंतराचे आहे. जितक्या मिलिमीटरचा पिच तितके मीटर हे जवळात जवळचे अंतर, असा बाजारातला ढोबळ नियम आहे. परंतु सामान्य दृष्टीच्या माणसाला ठिपके अजिबात वेगळे दिसू नयेत, तर पिचच्या सुमारे ३,४०० पट अंतर लागते, म्हणजे २.५ मिलिमीटरच्या स्क्रीनसाठी साडेआठ मीटर. अडीच मीटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी हे शुद्ध गणित पाळायचे ठरवले, तर एक मिलिमीटरहूनही बारीक पिच घ्यावा लागेल आणि खर्च हाताबाहेर जाईल. २.५ च्या स्क्रीनमध्ये चौरस मीटरला १,६०,००० ठिपके असतात, १.२५ च्या स्क्रीनमध्ये ६,४०,०००. किंमतही त्याच दिशेने चढते. सल्लागारांनी १.९५ वर बोट ठेवले, पण तेवढ्यावर न थांबता दोन वेगवेगळ्या पिचची नमुना कॅबिनेटे, म्हणजे ज्या चौकोनी तुकड्यांना जोडून भिंत बनते ते तुकडे, अंधाऱ्या दालनात शेजारी शेजारी लावून दाखवली. नदीचे पाणी, धुके, डोंगर यांत फरक जाणवत नव्हता. तो जाणवला घाटाच्या पायऱ्यांच्या तिरक्या रेषांमध्ये आणि मजकुराच्या अक्षरांमध्ये. आमच्या चित्रफितीत दोन्ही भरपूर असल्यामुळे १.९५ चा निर्णय मला पटला.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग मात्र तेजाच्या चाचणीचा होता. विक्रेता स्क्रीन पूर्ण तेजावर आणि भडक रंगांत दाखवतो, आणि आतल्या वापराच्या स्क्रीनचे तेज सहज ६०० ते १,००० निट (निट हे तेजाचे एकक) असते. अंधाऱ्या दालनात एवढे तेज डोळ्यांना सोसत नाही. तिथे १०० ते १५० निट पुरेसे होतात. तेज इतके खाली आणल्यावर स्वस्त स्क्रीनच्या गडद छटा तुटतात. आमच्याकडे रात्रीच्या रामकुंडावर सोडलेल्या दिव्यांचे दृश्य आहे. एका नमुन्यावर त्या पाण्याचा काळोख सलग न दिसता करड्या पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागला, आणि मोबाइलचा कॅमेरा समोर धरताच त्याच्यावर आडव्या रेषाही सरकू लागल्या. दुसऱ्या नमुन्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र ताजे करते तो आकडा, ३,८४० हर्ट्झ होता; त्यात रेषा दिसल्या नाहीत आणि काळोखही नीट उतरला. ‘शेवटच्या वापराच्या तेजावर चाचणी घ्यावी’ हे वाक्य त्यानंतर निविदेत जसेच्या तसे गेले. अशा दालनात आलेला प्रत्येक जण फोटो काढणार, हे गृहीतच धरायला हवे.

विश्वस्तांची मोठी हौस जमिनीवर एलईडी बसवण्याची होती. नदी पायाखालून वाहावी, अशी कल्पना. सल्लागारांनी ती स्पष्ट शब्दांत नाकारली, आणि त्यांची कारणे इथलीच होती. पावसाळ्यात लोक ओल्या पायांनी आणि चिखलाच्या चपलांनी येतात, वाळूच्या कणांनी पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर वयस्कर माणूस घसरला तर दालनच बंद करण्याची वेळ येईल. त्याऐवजी छतावरून प्रोजेक्टरने जमिनीवर पाणी दाखवायचे ठरले. तिथेही त्यांनी एक बारकावा सांभाळला : एलईडी भिंतीचा उजेड जवळच्या जमिनीवर सांडतो आणि प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते, म्हणून ते पाणी भिंतीपासून तीन मीटर मागे सुरू होते. बाजूच्या दोन्ही भिंतींवर स्क्रीन लावण्याचा विक्रेत्यांचा प्रस्तावही त्यांनी वगळायला लावला आणि तिथे ध्वनिशोषक काळे पॅनेल घेतले. एलईडीची भिंत कठीण असल्याने आवाज परतवते आणि तिच्यामागे स्पीकर ठेवता येत नाही. त्यामुळे ही गरज खरीच होती.

समोरची भिंत ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, म्हणजे अर्ध्या मीटरची ७२ कॅबिनेटे आणि ३,०७२ गुणिले १,५३६ ठिपके. वीज, वजन आणि उष्णता यांचे हिशेब अहवालात चोख होते. चौरस मीटरला जास्तीत जास्त ६०० वॅट धरून जोडभार सुमारे ११ किलोवॅट काढला आणि प्रत्यक्ष सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाची धरली. ही सरासरी उष्णता जेमतेम एक टन वातानुकूलनाची होते. पण एका खेळाला ४० माणसे आत असतील, तर त्यांच्या अंगाची उष्णताही जवळपास तेवढीच असते, याकडे एकाही विक्रेत्याने लक्ष वेधले नव्हते. जुन्या विटांच्या भिंतीवर अर्ध्या टनाचा भार टांगण्याऐवजी जमिनीवर उभी राहणारी स्वतंत्र चौकट घेतली आणि दुरुस्ती पुढून होईल, अशीच कॅबिनेटे निवडली. आगीचा इशारा वाजताच चित्र थांबून दारांवरचे दिवे लागतील, अशी जोडणीही आराखड्यात होती, याचे मला विशेष समाधान आहे.

आता उणिवा. भिंतीचे प्रमाण दोनास एक आहे, हे चित्रफीत करणाऱ्या चमूला फार उशिरा कळवले गेले. त्यांनी नेहमीच्या सोळास नऊ प्रमाणात काम केले होते, त्यामुळे पहिल्या कच्च्या फितीत ब्रह्मगिरीचा माथाच कापला गेला आणि ती दृश्ये पुन्हा बांधावी लागली. ठिपक्यांचा नकाशा चित्रफीत करणाऱ्यांच्या हाती पहिल्याच बैठकीत पडायला हवा होता. त्याच चमूने ब्रह्मगिरीवरून खाली झेपावणारे एक दृश्य केले होते, ज्यात क्षितिज सतत कलत होते आणि उभ्या प्रेक्षकांना भोवळ येऊ लागली. ते दुरुस्त करण्याची सूचना आमच्या कर्मचाऱ्यांकडून आली, सल्लागारांकडून नव्हे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्ये टाळावीत, ही सूचना मात्र त्यांनी वेळेवर दिली.

दुसरी उणीव पावसाळ्याची. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत स्क्रीन बरेच दिवस बंद राहिली तर आत ओलावा धरते, आणि एकदम पूर्ण तेजावर सुरू केल्यास ठिपके मरतात. आधी कमी तेजावर काही वेळ चालवून मग तेज वाढवणे, आणि दालन बंद असतानाही ती ठरावीक दिवसांनी चालू करणे, ही पद्धत देखभालीच्या पुस्तिकेत असायलाच हवी होती. ती आम्ही मागून लिहून घेतली. पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत होती, हेही मला खटकले, कारण रोज स्क्रीन चालू करणारा मुलगा आयटीआय शिकलेला आहे आणि त्याला मराठीतले एक पान भिंतीवर हवे होते.

शुल्क ठरावीक रकमेत घेतले जाते, खरेदीच्या टक्केवारीत नाही. बाजूच्या भिंती वगळल्याने सल्लागारांचे काहीच बुडाले नाही, याचे कारण हेच. सुटे भाग त्याच उत्पादन गटातले आणि खरेदीच्या वेळीच घ्यावेत, हा त्यांचा आग्रहही योग्य ठरला. नंतर आणलेल्या मॉड्यूलचा (कॅबिनेटातील बदलता येणाऱ्या एलईडी पट्टीचा) रंग जुन्यांशी जुळत नाही आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो चौकोन लगेच उठून दिसतो. शाळेच्या सभागृहात किंवा कार्यालयाच्या दर्शनी भागात एकच सपाट स्क्रीन लावायची असेल, तर एवढ्या सेवेची गरज नाही, चांगला विक्रेता पुरे. प्रेक्षक भिंतीजवळ फिरणार असतील, दालन अंधारे असेल आणि आवाज, उजेड, गर्दी एकाच जागी येणार असतील, तर दरपत्रके मागवण्यापूर्वी अशा सल्लागाराला बोलवावे आणि चित्रफीत करणाऱ्यालाही त्याच बैठकीला बसवावे.