रजिस्ट्रीतला आय-सेव्हन

मंगळवार पेठेत लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो मी. जुना पीसी कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतानाच धापा टाकायचा, म्हणून दिवाळीआधी राजारामपुरीतल्या एका दुकानातून सेकंडहँड पीसी घेतला. १६,५०० रुपये. "आय-सेव्हन ६७०० हाय दादा, सोळा जीबी रॅम. विंडोज पण आपण कस्टम करूनच देतो," तिथला पोरगा म्हणाला.

आणि काय सजवलं होतं! वॉलपेपरला संध्याकाळचा रंकाळा, कोपऱ्यात रेनमीटर या सजावटीच्या सॉफ्टवेअरचं गोल घड्याळ, आरपार दिसणारा टास्कबार. मला या गोष्टींचा पहिल्यापासून नाद, त्यामुळं मी तिथंच विरघळलो. सेटिंग्जमध्ये अबाउट उघडून बघितलं, प्रोसेसरसमोर आय-सेव्हन लिहिलेलं होतं. झालं, पैसे मोजले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लावला की वाढतंय दादा," म्हणून कच्च्या चिठ्ठीवर 'पीसी १ नग' एवढंच. इथं मी गाढवपणा केला.

महिनाभर चाललं. मोठी फाइल एक्स्पोर्टला टाकली की मात्र चहा पिऊन यावं लागायचं. आय-सेव्हन असून असं का, म्हणून एका रविवारी मीच साफसफाईला बसलो. कामं आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये 'डिस्प्ले अपडेट' नावाचं एक काम दिसलं, दर लॉगइनला चालणारं. मला ते फालतू वाटलं. बंद केलं, रीस्टार्ट मारला आणि सहज अबाउट उघडलं.

आय-थ्री ६१००.

आय-सेव्हनपेक्षा बराच खालचा प्रोसेसर. आधी वाटलं, माझ्याच हातून काहीतरी मोडलं. मग त्या कामातून चालणारी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. जेमतेम दोन ओळी. विंडोज सुरू होताना प्रोसेसरचं नाव विचारून घेतं आणि रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, 'प्रोसेसर नेम स्ट्रिंग' म्हणून लिहून ठेवतं. अबाउटमध्ये दिसतं ते तेच. अ‍ॅडमिनचे हक्क असले की तिथं कुणीही काहीही लिहू शकतो. पण रजिस्ट्रीचा हा भाग डिस्कवर राहत नाही, दर रीस्टार्टला नव्यानं भरतो. म्हणून पठ्ठ्यानं लॉगइन झालं रे झालं की खोटं नाव परत चिकटवायची सोय करून ठेवली होती. तेवढी अक्कल धंद्यात लावली असती तर!

खरा आकडा तर पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) क्लिक केलं की खाली कोअर्स २ आणि लॉजिकल प्रोसेसर्स ४. आय-सेव्हन ६७०० ला तिथं ४ आणि ८ दिसायला पाहिजेत. विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बायोसमध्ये शिरलो, तिथंही आय-थ्रीच. सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर थेट चिपलाच विचारतं, त्यानंही तेच सांगितलं. रॅम तेवढी खरी सोळा निघाली.

खणत गेलो तसं आणखी निघालं. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं जुगाड होतं आणि ते पकडलं जाऊ नये म्हणून आख्खा सी ड्राइव्ह डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलेला. याच मशीनवर मी बँकेचं लॉगइन करत होतो. त्या रात्री झोप कुठली लागतीय. फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकलं. त्याआधी शहाणपणा एकच केला: ती फाइल आणि रीस्टार्टच्या आधीचं-नंतरचं अबाउट, सगळ्याचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवला.

सोमवारी दुकानात गेलो. पोरगा म्हणतो, "अपडेटनं नाव बदलतंय कधीकधी." व्हिडिओ दाखवल्यावर आवाज खाली आला. आतून मालक आले, चिठ्ठी बघून म्हणाले, "यात आय-सेव्हन कुठं लिहिलंय?" बरीच तणातणी झाल्यावर ४,००० परत मिळाले. ग्राहक आयोगात जायचं तर हातात कागद म्हणून ती चिठ्ठीच.

पैसे खिशात घालून निघालो तर काउंटरवर दुसरा पीसी लावलेला. तोच रंकाळा, तेच गोल घड्याळ. कॉलेजचं एक पोरगं वडिलांना घेऊन समोर उभं होतं, वडील पाकीट काढत होते. मी म्हटलं, "काका, जरा थांबा. बाळा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब बघू."