घरी करायची ड्रग टेस्ट किट: दीड स्टार, त्यातला अर्धा ग्लोव्हजना

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, ही कप-स्ट्रिपवाली किट सगळी एकाच पद्धतीने चालतात, डबा वेगळा एवढंच.

मुलगा सोळाचा. दोन-अडीच महिने दार बंद, मार्क घसरले, रात्री दोन-दोनपर्यंत लाइट चालू, सकाळी डोळे लाल, जुने मित्र एकदम गायब. हे सगळं नेटवर टाकलं की पहिलं उत्तर काय येतं ते तुम्हाला माहितीय, मला पण तेच आलं आणि त्याच रात्री मी किट ऑर्डर केलं. नवऱ्याला पण सांगितलं नाही.

डब्यात दोन कप, पाच पट्ट्या (गांजा, अफूच्या जातीतलं, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन नावाचं उत्तेजक आणि झोपेच्या गोळ्यांतलं बेन्झो), ग्लोव्हज, आणि मुंगीएवढ्या अक्षरातलं माहितीपत्रक. ग्लोव्हज खरंच चांगले होते. सॅम्पल कसं मिळवलं ते सांगायला लाज वाटते, शाळेच्या मेडिकलला लागतंय म्हणून थाप मारली, आणि बाथरूमच्या बेसिनवर कप ठेवून पाच मिनिटं घड्याळ बघत उभी राहिले.

चार पट्ट्यांवर दोन-दोन रेघा. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह हे आपल्या डोक्यात कसं पक्कं बसलंय, आधी प्रेग्नन्सी टेस्ट आणि मग कोविडची. पण इथे बरोब्बर उलटं असतं! लघवीत ड्रग असेल तर ते पट्टीवरचा रंग आधीच अडवतं आणि टेस्टची रेघ उमटतच नाही, म्हणजे दोन रेघा निगेटिव्ह आणि एकच रेघ पॉझिटिव्ह. दुसरी रेघ अगदी पुसट असली तरी निगेटिव्हच. ही गोष्ट डब्यावर मोठ्या अक्षरात का छापत नाहीत? पत्रकाच्या मागच्या बाजूला होती, आणि मी ते वाचलं पोराला झोपेतून उठवून रडून-ओरडून झाल्यावर.

तो आधी हसला. मग म्हणाला, "आई, तू माझ्या लघवीत काय शोधतेयस?" आणि नंतर नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता उरलेली पाचवी पट्टी, अ‍ॅम्फेटामिनची. तिच्यावर खरंच एकच रेघ होती. पण दोन दिवस तो सर्दीची गोळी घेत होता आणि त्यातल्या स्यूडोएफेड्रिनने ही पट्टी फसू शकते. खसखशीने अफूची फसते. म्हणून पॉझिटिव्ह आलं तरी लॅबमधून पक्की तपासणी करावीच लागते, आम्ही केली, काही निघालं नाही. मग घरी करून मिळवलं काय?

बरं, निगेटिव्ह आलं असतं तर मी निवांत झोपले असते का, तर तेही चुकलंच असतं. या किटला दारू दिसत नाही, व्हेपमधलं निकोटिन दिसत नाही, थिनर किंवा गोंद हुंगलेला दिसत नाही, आणि पोरांचा हात बऱ्याचदा आधी तिकडेच जातो. एखाद्या वेळी ओढलेला गांजा तीनेक दिवसांत लघवीतून निघून जातो, रोजच्या ओढणाऱ्याचा महिनाभरही दिसू शकतो. त्यात पोरं भरपूर पाणी पिऊन सॅम्पल पातळ करतात ते वेगळंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ सालीच लिहून ठेवलंय की पालकांनी घरी अशा टेस्ट कराव्यात अशी आम्ही शिफारस करत नाही. मला हे किट आल्यावर कळलं, म्हणजे उजेडच.

खरं कारण समुपदेशक बाईंकडे गेल्यावर बाहेर आलं. वर्गाच्या ग्रुपवर त्याचा एक फोटो फिरत होता, दोन महिने रोज टिंगल चालली होती आणि त्याला झोपच लागत नव्हती. बाई म्हणाल्या, झोप उडणं, चिडचिड, एकटं राहणं, मार्क पडणं ही नैराश्याची पण लक्षणं आहेत आणि नशेची पण, वरून बघून कळत नाही. आणि जे पोर आतून खचलंय तेच बरं वाटावं म्हणून उद्या नशेकडे वळू शकतं, म्हणून आधी झोप आणि मन बघू. त्यांनी माझ्यासमोर त्याला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. मी खुर्चीत दचकले. पण असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट पोराला बोलायला वाट मिळते, हे त्यांनी नंतर समजावलं. तो "एकदा वाटलं होतं" म्हणाला. पाचातली कुठली पट्टी हे दाखवणार होती?

मग मला विचारलं, घरात कुठल्या गोळ्या पडल्यात? नवऱ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या जोरदार पेनकिलर आणि सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या, दोन्ही हॉलमधल्या उघड्या ड्रॉवरमध्ये. मी पोराचं दप्तर तपासत होते आणि हे रोज डोळ्यासमोर होतं. त्याच संध्याकाळी सासूबाईंच्या गोळ्यांना कुलूप लावलं, उरलेल्या केमिस्टला विचारून निकाली काढल्या.

एक स्टार यासाठी की पार्सल वेळेवर आलं. डब्यात अजून एक न वापरलेला कप आहे, परत करायला गेले तर म्हणे सील फोडलेलं घेत नाही.