लेथवरचा थायरिस्टर ड्राइव्ह: सहा महिन्यांनंतर

माझ्या छोट्या लेथला 180 व्होल्टची डीसी मोटर आहे. तिच्यासाठी घेतलेला हा ड्राइव्ह, म्हणजे वेग बदलणारं उपकरण. आत दोन थायरिस्टर (गेट या टोकाला पल्स दिला की चालू होणारे स्विच) आणि दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) यांचा अर्धनियंत्रित ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारं सर्किट; सोबत फ्रीव्हीलिंग डायोड, थायरिस्टर बंद असताना मोटरच्या करंटला वाट देणारा. नॉब फिरवला की व्होल्टेज 'कमी' होत नाही; प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये गेटला पल्स किती उशिरा द्यायचा, एवढंच बदलतं. 50 हर्ट्झला अर्धी सायकल 10 मिलिसेकंदांची. पल्स लगेच दिला तर 230 व्होल्ट एसीतून सरासरी सुमारे 207 व्होल्ट डीसी मिळतात. 5 मिलिसेकंद, म्हणजे 90 अंश, थांबवला तर कागदावर त्याच्या निम्मे. एकदा चालू झालेला थायरिस्टर मात्र गेटचं ऐकत नाही, करंट जवळपास शून्यावर आल्यावरच बंद होतो.

जुन्या रिओस्टॅटसारखी (बदलता रोध) उष्णता इथे वाया जात नाही. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) तासाभरानंतरही जेमतेम कोमट. सुरुवात झटका न देता होते, हे मला सगळ्यात आवडलं.

कमी वेगावर मात्र मोटर गुरगुरते, कारण 100 हर्ट्झची रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार, तिथे उघडी पडते. मी मोटरच्या मालिकेत चोक (करंटचे चढउतार दाबणारी कॉइल) टाकला, आवाज बराच उतरला. तो आतच द्यायला हवा होता. शेजारचा रेडिओही खरखरतो. कंट्रोलचं ग्राउंड मेन्सपासून वेगळं केलेलं नाही, आणि माहितीपत्रकात ते बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर! ऑसिलोस्कोपची (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण) अर्थ केलेली क्लिप तिथे लावायला निघालोच होतो, म्हणजे थेट शॉर्ट सर्किट.

बारीक फिनिशिंगचं काम असेल तर पीडब्ल्यूएमवाला (व्होल्टेज फार वेगाने चालू-बंद करून वेग ठरवणारा) ड्राइव्ह बघा. मी हा ठेवतोय.