देवबागला न झालेला रॉक कार्यक्रम आणि त्यानंतरची दुसरी फसवणूक

गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरात माझे एकूण ५१,९८८ रुपये गेले. त्यांपैकी १२,९९४ रुपये मालवणजवळच्या किनाऱ्यावर कधी झालाच नाही अशा एका रॉक कार्यक्रमाच्या तिकिटांचे आणि तंबूंचे होते. उरलेले ३८,९९४ रुपये त्या १२,९९४ रुपयांच्या मागे धावताना गेले. पहिल्या फसवणुकीबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात, कारण तिथे सोबतीला पन्नास जण असतात. दुसरीबद्दल बोलायला लाज वाटते, कारण तिथे माणूस एकटाच असतो आणि बोटे त्याची स्वतःचीच असतात. मी गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवतो, हे सांगितले म्हणजे माझी लाज किती मोठी आहे ते लक्षात येईल. तरीही लिहितो आहे, कारण त्या दुसऱ्या सापळ्यात माझ्याआधी आणि माझ्यानंतर किती जण अडकले असतील, ते मला ठाऊक नाही.

मी मूळचा रत्नागिरीचा. नव्वदच्या दशकात शिकायला मुंबईत होतो, तेव्हा धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवाचे कार्यक्रम ऐकले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले आणि मीही नोकरीसाठी गावी परतलो. कोकणात रात्र जागवायची ती दशावताराला नाहीतर नमन-खेळ्यांना. इलेक्ट्रिक गिटारसाठी पुणे, मुंबई किंवा गोवा गाठावे लागते. त्यामुळे नोव्हेंबरात माझ्या भाच्याने देवबागच्या किनाऱ्यावरील रॉक रात्रीची जाहिरात पाठवली आणि खाली लिहिले, “मामा, या वेळी आपल्याच दारात”, तेव्हा माझी पारख निम्मी तिथेच संपली.

जाहिरात देखणी होती. मागे मावळता सूर्य, मंचावर निळा प्रकाश, दिल्लीच्या एका जुन्या नावाजलेल्या बँडचे नाव आणि ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ ही ओळ. ती ओळ वाचताच मी थांबायला हवे होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सूट देता येते, पण तीही मध्यरात्रीपर्यंतच. ज्याला खरोखर परवानगी काढायची आहे तो सूर्योदयाचे नाव जाहिरातीत छापणार नाही. पण जत्रेच्या रात्रींची सवय असलेल्या माझ्या कानांना त्यात काही वावगे वाटले नाही.

तिकीट १,४९९ रुपये. मी, माझे दोन जुने मित्र, भाचा आणि त्याचे दोन सोबती अशी सहा तिकिटे आणि दोन हजारांचा एक याप्रमाणे दोन तंबू. कोणत्याही परिचित तिकीटविक्री ॲपवर हा कार्यक्रम नव्हता; आयोजकांच्या इन्स्टाग्राम पानावर दिलेल्या क्रमांकावर संदेश पाठवायचा, मग क्यूआर कोड यायचा. तो मी स्कॅन केला तेव्हा पडद्यावर आयोजक संस्थेचे नाव न येता कोणा एका व्यक्तीचे नाव आले. मी फोन करून विचारलेसुद्धा. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीने म्हणाला, “सर, ते आमच्या अकाउंट्सवाल्यांचं खातं आहे. कंपनीचं खातं अपडेट होतंय, म्हणून चार दिवस त्यात घेतोय.” वर्गात मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की धंद्याचे खाते वेगळे आणि मालकाचे खाते वेगळे, हे पुस्तपालनाचे पहिले तत्त्व आहे. तेच तत्त्व त्या क्षणी माझ्या मोबाइलच्या पडद्यावर मोडले जात होते आणि मी ‘ठीक आहे’ म्हणून पिन टाकला.

त्यांनी पावतीही पाठवली. पावतीवर जीएसटी क्रमांक होता, त्यामुळे माझे समाधान झाले. तो क्रमांक चौदा अक्षरांचा होता हे मला जानेवारीत कळले. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

कार्यक्रम शनिवारी होता. आम्ही सकाळी रत्नागिरीहून निघालो, कसालला मालवणचा फाटा घेतला आणि जेवणाच्या वेळेला मालवणात पोहोचलो. मालवणात कुठेही फलक नव्हता. तारकर्ली गेली, देवबागचा रस्ता लागला, तेव्हा गाडी चालवणारा माझा मित्र सहज म्हणाला, “अरे, यांचा साउंडचा ट्रक या रस्त्याने आत कसा गेला असेल?” देवबाग म्हणजे एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. समोरून दुसरी गाडी आली की एकाने थांबायचे, असा तो रस्ता. हजारो लोकांच्या कार्यक्रमाला स्पीकरचे मनोरे, मंचाचे लोखंड आणि दोन-तीन मोठे जनित्र लागतात. रंगभवनात दुपारपासून ध्वनिचाचणी सुरू व्हायची आणि ड्रमचा तो एकटा ठोका रस्त्यावर ऐकू आला की आमची पावले भरभर पडू लागायची. देवबागला आम्ही गाडीच्या काचा खाली केल्या आणि ऐकत राहिलो. माडांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

नकाशावर दाखवलेली जागा म्हणजे सुरूच्या बनामागचे मोकळे मैदान निघाले. तिथे जाळी वाळत घातली होती आणि कोणा मुलांनी क्रिकेटसाठी तीन काठ्या रोवल्या होत्या. आमच्यासारखेच काळ्या टी-शर्टांतले पंधरावीस जण आधीच येऊन उभे होते. सूर्य खाली जाईपर्यंत कोल्हापूर, पणजी, पुणे, बेळगाव असे करत पन्नासेक झाले. जो नवा येई तो आधी चारही बाजूंना पाही, मग मोबाइलमधला नकाशा पाही आणि शेवटी आमच्या तोंडाकडे पाही. जाळी गोळा करायला आलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी विचारले, तर ते म्हणाले, “हय कसलो कार्यक्रम? तुमका कोणी सांगल्यान? गेल्या म्हयन्यात दोन झिलगे इल्ले, ड्रोन उडवल्यानी, फोटो काढल्यानी आणि गेले.” म्हणजे जाहिरातीतला समुद्र खरा होता, मंच तेवढा दुसरीकडून आणून चिकटवलेला होता.

मग भाच्याने डोके चालवून आमच्या सहाही तिकिटांवरचे कोड दुसऱ्या मोबाइलने स्कॅन केले. सहाही कोड एकच होते आणि उघडल्यावर ‘धन्यवाद’ एवढा एकच शब्द येत होता. पानावरचा क्रमांक बंद होता. बेळगावहून मोटारसायकलवर आलेला एक तिशीचा गृहस्थ म्हणाला की, २०११ साली गुडगावला मेटालिकाचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, तेव्हा चिडलेल्या लोकांनी मंचाची मोडतोड केली, “आपल्याला तर मोडायलाही काही ठेवलेलं नाही.” लोक हसले. एकाने गाडीतून गिटार काढली, दोन-चार जणांनी सूर धरला आणि काळोख पडेपर्यंत आम्ही पन्नास अनोळखी माणसे वाळूत बसून राहिलो. ती दीड तासाची बैठक वाईट नव्हती, हे कबूल केले पाहिजे. मात्र ख्रिसमसच्या सुट्ट्या असल्यामुळे कुठेही खोली मिळेना आणि आम्ही रात्री दोन वाजता कणकवलीत एका ओळखीच्यांच्या ओटीवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला: ‘देवबाग कार्यक्रमात फसलेल्या सर्वांनी एकत्र या’, आणि खाली एका गटाची लिंक. मी लगेच सामील झालो. गटात साठ-सत्तर जण होते. संताप, शिव्या, पोलिसांत जाण्याच्या गोष्टी, सगळे काही होते आणि ते वाचून बरे वाटत होते. या गटाबद्दल एकच प्रश्न विचारायला हवा होता आणि आमच्यापैकी कोणीही तो विचारला नाही: किनाऱ्यावर आम्ही एकमेकांचे क्रमांक घेतले नव्हते, मग तिकीट घेतलेल्या आम्हा सर्वांचे क्रमांक एकाच यादीत कोणाकडे असणार? ज्याने तिकिटे विकली त्याच्याकडेच.

गटात सर्वांत जास्त शिव्या देणारा जो सदस्य होता, त्याने मंगळवारी संध्याकाळी लिहिले की, आयोजकांच्या मुंबईतल्या वकिलाशी भांडून त्याने आपले चार तिकिटांचे ५,९९६ रुपये परत मिळवले आहेत. सोबत पैसे जमा झाल्याचे चित्र आणि ‘रिफंड विभागा’चा क्रमांक होता. त्याने इतक्या शिव्या दिल्या होत्या की तो आपलाच माणूस वाटत होता. मी त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी आधी क्षमा मागितली, माझी नेमकी रक्कम सांगितली, तंबूंचे चार हजारसुद्धा सांगितले. मग म्हणाल्या, “सर, तुमचा रिफंड मंजूर आहे, फक्त कोड टाकून तो क्लेम करायचा आहे.” त्यांनी पाठवलेला क्यूआर कोड मी स्कॅन केला. “आता वरच्या चौकोनात रिफंड कोड टाका: शून्य, तीन, आठ, नऊ, नऊ, चार.” मी टाकू लागलो. पहिले शून्य ॲपने घेतलेच नाही. “चालेल सर, पुढचे आकडे टाका.” पडद्यावर ३८९९४ उमटले. शेवटचे तीन आकडे माझ्या रकमेसारखेच होते, म्हणून मला ते ओळखीचे वाटले. तो चौकोन रकमेचा होता, कोडचा नव्हता, हे माझ्या डोळ्यांना दिसत होते आणि मनाला दिसत नव्हते. त्यांनी पिन विचारला नाही, उलट “पिन कोणालाही सांगू नका सर” असे बजावले आणि मी तो निश्चिंतपणे टाकला.

खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या की चुकून उलटी नोंद झाली आहे, तोच कोड पुन्हा टाकला की दोन्ही रकमा एकदम जमा होतील. मी खरोखर दुसऱ्यांदा स्कॅन करायला घेतले होते. बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती बाहेर आली, “अहो, आधी तो फोन ठेवा,” म्हणाली आणि माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोनही तिनेच लावला. मला तेव्हा नीट बोलता येत नव्हते.

पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन केल्याने पैसे येत नाहीत, जातात. हे मला आधीपासून माहीत होते. मी ते सहकाऱ्यांना सांगितलेलेही आहे. त्या क्षणी मात्र मी पैसे पाठवत नव्हतो, माझ्या मते मी माझे पैसे ओढून आणत होतो. चिडलेल्या माणसाला असाच शब्दांचा फेर पुरतो.

तक्रार पाऊण तासात नोंदवल्यामुळे ३८,९९४ पैकी १७,५०० रुपये पुढच्या एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर काढून झाले होते. गोठवलेली रक्कमही लगेच हाती येत नाही; त्यासाठी अर्ज करावा लागतो. आमचा अर्ज अजून चालू आहे. तिकिटांचे पैसे नोव्हेंबरातच गेलेले असल्यामुळे तिथे गोठवण्यासारखे काही उरलेच नव्हते. बँकेने सांगितले की पिन मीच टाकला आहे, आणि ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकानेच सोसायचे असते, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक आहे. वाद घालण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते. ज्याला आपण सवयीने चारशेवीस म्हणतो, तो गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली नोंदला जातो, एवढी एक नवी माहिती मात्र पदरात पडली. तक्रार देताना क्यूआर कोडची चित्रे, व्यवहार क्रमांक आणि गटातले संदेश फार उपयोगी पडले. भाच्याने गटातून बाहेर पडण्याआधी ते सगळे जपून ठेवले होते. मी रागाच्या भरात अर्धे पुसून टाकले होते.

इन्स्टाग्रामवर कोणत्याही पानाची खातेविषयक माहिती उघडली की ते कधी सुरू झाले आणि त्याचे नाव किती वेळा बदलले, ते दिसते. आमच्या त्या पानाने सप्टेंबरपासून तीन नावे बदलली होती. गेल्या आठवड्यात भाच्याने चौथे नाव दाखवले. तोच निळ्या प्रकाशातला मंच, मागे आता हर्णैचा किनारा, तिकीट १,७९९ रुपये, खालच्या प्रतिक्रिया बंद आणि वर तीच ओळ, ‘सूर्यास्त ते सूर्योदय’. दापोली-हर्णैकडे कोणी ही जाहिरात पाहिली असेल, तर कृपया पैसे भरू नयेत. आणि आधीच भरले असतील, तर ‘फसलेल्यांच्या गटा’ची लिंक येण्याची वाट न पाहता आजच १९३० ला फोन करावा.