पे-२ की तू-२? फळीवर एकाचीच जागा असेल तर

सोव्हिएत बॉम्बरचं एकच मॉडेल करायचं ठरलं की गाडी हमखास पेत्ल्याकोव्हच्या पे-२ आणि तुपोलेवच्या तू-२ वर येऊन अडते. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाच्या मापात, मी दोन्ही केलीत. (‘तू-२ पुसू का?’ या प्रश्नावर आमच्या घरात अजून हसू फुटतं.)

दोन्ही विमानांचा जन्म कैदेतला. दोघेही अभियंते एनकेव्हीडीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचे, बंदी असताना हे आराखडे झाले. पे-२ तर मुळात बॉम्बर नव्हतंच. डिसेंबर १९३९ मध्ये उडालं ते उंचावर लढणारं फायटर म्हणून. पुढच्या वर्षी वरून हुकूम आला, याचं सूर मारणारं बॉम्बर करा, तेही जेमतेम दीड महिन्यात. शेलाटा बांधा मात्र फायटरचाच राहिला. देखणेपणात पे-२ उजवं, यात वाद नाही. वैमानिक मरीना रास्कोवाच्या महिला रेजिमेंटने हेच उडवलं, ते आकर्षण वेगळंच.

पण हे सारखं वेश बदलतं. सैनिक त्याला लाडाने ‘पेश्का’ म्हणत, म्हणजे प्यादं. अकरा हजारांवर विमानं निघाली आणि दर थोड्या दिवसांनी काहीतरी फिरलं. नॅव्हिगेटरकडे आधी ७.६२ मिमीची श्कास मशिनगन. १९४२ मध्ये आघाडीवरून ओरड झाली म्हणून १२.७ मिमीची बेरेझिन आली; त्या प्रकाराचं नावच ‘एफटी’, आघाडीची मागणी. मग बंदुकीसाठी काचेचा फिरता बुरूज, १९४३ मध्ये सुधारित इंजिन. नाकावरची काचही मधल्या मध्ये आक्रसली.

मी डेकल (मॉडेलवर चिकटवायच्या खुणा) निवडली १९४१ च्या हिवाळ्यातल्या पांढऱ्या विमानाची आणि बुरूज बसवला किटमधला, म्हणजे नंतरचा. लक्षात आलं रंग वाळल्यावर. काच उचकटली, घासली, सुपरग्लूने परत बसवली. सकाळी बघतो तर मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी. दोन संध्याकाळी वाया गेल्या, त्याहून मन उडालं.

तू-२ ने असा छळ केला नाही. तेही धडपडलंच म्हणा: ठरलेलं इंजिन रद्द झालं म्हणून हवेने थंड होणारं श्वेत्सोव्ह बसवलं, ओम्स्कमधलं उत्पादन याक फायटरसाठी थांबवलं, १९४३ मध्ये पुन्हा सुरू केलं. पण त्यानंतरचं तू-२एस बरंचसं एकसारखं. पंखा तीन पात्यांचा की चार, एवढं फोटोत बघून घ्या. चार पाती नंतरच्या काही विमानांवर. शिवाय चिनी हवाई दलाची खूणही लावता येते. अंगाने थोराड आहे, फळी अडवतं, काचाही कमी नाहीत. कदाचित मला किट बरं मिळालं असेल.

पे-२ घेणारच असाल तर आधी एका विमानाचा फोटो धरा, त्यावरून किट शोधा. माझं पे-२ सध्या भिंतीकडे शेपूट करून उभं आहे, तू-२ च्या मागे.