आईच्या सीओपीडीसाठी पंपासोबत स्पेसर: काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्यापासून आई पंप (श्वासातून औषध घ्यायचा फवारा, म्हणजे इनहेलर) स्पेसर, म्हणजे त्याला जोडायची पोकळ नळी, लावूनच घेते आहे. आता पावसाळा सरत आलाय, म्हणून सविस्तर लिहिते. आईने कधी विडी ओढली नाही, तपकीरसुद्धा नाही. उभा जन्म चुलीच्या धुरात गेला, त्यातून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचं हे जुनाट दुखणं आलं. अशा बायका गावोगाव आहेत. त्यांच्या हातात पंप पडतो, पण तो घ्यायचा कसा हे शेजारी बसून कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नुसत्या पंपात दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी साधावं लागतं. आईची बोटं आखडलेली, त्यामुळे ते जुळायचं नाही आणि बरंचसं औषध घशातच बसायचं. स्पेसरमध्ये फवारा नळीत साठतो, मग सावकाश ओढता येतो. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरायचा, एकदा दाबून संथ खोल श्वास घ्यायचा आणि 10 सेकंद किंवा जमेल तितका रोखायचा. दोन पफ, म्हणजे दोन फवारे, एकदम नळीत सोडायचे नाहीत. दुसरा अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून.

खरा गोंधळ झाला तो दुसऱ्या औषधाने. आईला रोज एका कॅप्सूलमधली पूडही छोट्या यंत्रातून श्वासाने ओढायची असते, आणि तिथे रीत नेमकी उलटी: श्वास जोरात, झटकन ओढायचा, कॅप्सूल फिरल्याचा आवाज यायला हवा. यंत्रात फुंकर मारायची नाही, कॅप्सूल गिळायची तर नाहीच. पावसाळ्यात ती दमट होऊ नये म्हणून पाकिटातून ऐनवेळीच काढतो. 'पंप हळू, कॅप्सूल जोरात' हे आईने स्वतःच पाठ केलं.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी सगळ्यात मोलाचं केलं. "समजलं का आजी?" असं त्यांनी विचारलंच नाही. "आता तुम्ही करून दाखवा," म्हणाल्या. पुढच्या खेपेलाही आधी तेच करून घेतलं. तेव्हा आई श्वास न सोडताच पंप दाबत होती हे लक्षात आलं. नीट शिकलेल्या माणसाचीही पद्धत हळूहळू घसरते, म्हणून दर भेटीला पंप आणि स्पेसर दोन्ही सोबत न्या आणि तपासून घ्या.

आठवड्यातून एकदा स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढतो आणि न पुसता वाळवतो. फडक्याने घासलं की प्लास्टिकवर विद्युतभार येतो, मग औषध आतल्या बाजूला चिकटतं. आईच्या पंपात स्टिरॉइड आहे, त्यामुळे नंतर गुळण्या करून पाणी थुंकणं आलंच, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

स्पेसरची गैरसोय एकच, एसटीच्या प्रवासात पिशवीत जागा खातो. आमच्या पंपावर उरलेल्या पफचा आकडा दिसत नाही, म्हणून नवीन पंप उघडला की खोक्यावर तारीख आणि रोजचे पफ लिहून ठेवते. त्यावरून कधी संपेल ते काढता येतं. हलवून अंदाज घेण्यात अर्थ नाही, औषध संपलं तरी आतला वायू फवारा देत राहतो.