छोट्या दवाखान्याचा हिशेब: सॉफ्टवेअर की कार्डांचा खोका?

एक डॉक्टर, एक सिस्टर आणि रिसेप्शनला एक ताई, एवढाच पसारा असलेल्यांसाठी हे लिहितोय. पेशंटच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर आणि कागदी कार्डांचा खोका, दोन्ही वापरून झालेत, आजही थोडे थोडे दोन्ही वापरतो. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण तुमचं गाव आणि तुमचे पेशंट वेगळे असू शकतात, हे धरून चाला.

सॉफ्टवेअरचे गुण आधी मान्य करू. प्रिस्क्रिप्शन छापून निघतं, त्यामुळे ‘डॉक्टर, हे काय लिहिलंय?’ असे मेडिकलवाल्याचे फोन थांबतात. रोख किती, यूपीआय किती, उधारी किती, हे रात्री दवाखाना बंद करतानाच कळतं. आयकराच्या १९६२च्या नियमांत डॉक्टरांना ठेवायला सांगितलेलं रोजचं केस रजिस्टर, म्हणजे ३सी नमुना, बहुतेक सॉफ्टवेअरमधून काढता येतो, सीए खूश. औषधं स्वतः देत असाल तर एक्स्पायरी जवळ आलेला माल दिसतो. वहीत हे काम कोणी मनापासून करत नाही. एवढ्यासाठी वर्षाचे पैसे भरायला माझी ना नाही.

पण दवाखाना चाललाय कसा, हे सॉफ्टवेअरला विचारलं की ते ओपीडी, नवे पेशंट आणि कमाईचे रंगीत आलेख दाखवतो. पावसाळ्यात तापाची साथ आली की तिन्ही आलेख वर जातात, त्यात माझं कर्तृत्व काय? आमच्याकडे भरणा बीपी-शुगरवाल्यांचा. तिथे दोनच प्रश्न कामाचे: ज्यांनी परत यायला हवं होतं ते आले का, आणि आले त्यांचं बीपी १४०/९०च्या खाली आहे का. गल्ला भरलेला असतानाही या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असू शकतं.

मला खरा कंटाळा आणला तो मोबाइल नंबरने. आम्ही घेतलेलं सॉफ्टवेअर पेशंट ओळखायचं नंबरवरून. इथे अख्ख्या घराचा नंबर एकच, तोही बऱ्याचदा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा. आजी, आजोबा, सून, नातवंडं सगळी त्याच्यावर. सोमवारी बाजाराच्या दिवशी ताई नंबर टाकते, समोर ‘शांताबाई’, ‘शांता’ आणि ‘शांताबाई (आजी)’ अशा तीन ओळी येतात, मागे रांग ताटकळलेली असते, आणि सगळ्यात सोपं बटण असतं ‘नवा पेशंट’. परिणाम असा की नव्या पेशंटचा आलेख चढतो आणि जुन्या शांताबाई कागदोपत्री परत आलेल्याच नसतात. फॉलोअपच्या मेसेजचीही तीच गत. मेसेज जातो मुलाला, तो मीटिंगमध्ये, आजी गावात. पण स्क्रीनवर ‘मेसेज पोहोचला’ अशी हिरवी खूण, म्हणजे काम फत्ते. आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, प्रत्येकाचा वेगळा असतो, चौदा आकडी. तो लोक सोबत आणायला लागले तर हा घोळ मिटेलही. सध्या आमच्याकडे पिशवीतून निघते ती आधारची झेरॉक्स. शहरात, जिथे ज्याचा त्याचा फोन आहे, तिथे कदाचित तुम्हाला हा त्रास जाणवणारही नाही.

खोक्याची गोष्ट साधी आहे. आत बारा महिन्यांचे बारा कप्पे. प्रत्येक बीपी-शुगरवाल्याचं एक जाड कार्ड: वर नाव, वाडी, कोणाच्या घराशेजारी, खाली तारीख, बीपी, शुगर, गोळ्या आणि परत यायची तारीख. तपासून झालं की कार्ड पुढच्या भेटीच्या महिन्यात सरकतं. महिना संपल्यावर त्या कप्प्यात जी कार्डं उरतात, ती माणसं आली नाहीत. रिपोर्ट काढावा लागत नाही, कप्प्याची जाडी दिसते. सिस्टर शनिवारी दुपारी ती कार्डं घेऊन फोन करत बसते, घरी नाही लागला तर शेजारच्या किराणा दुकानात. मग पेन्सिलीने कारण लिहिते: ‘लेकीकडे मुंबईला’, ‘सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतात’, ‘वारले’. सॉफ्टवेअरमध्ये या तिन्हींसाठी एकच पर्याय होता, ‘इतर’.

यात माझं डोकं काही नाही. क्षयरोग कार्यक्रमात उपचार-कार्ड जुनंच आहे. २०१७ला सुरू झालेल्या देशपातळीवरच्या बीपी नियंत्रण उपक्रमातही (आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे पहिले जिल्हे) कोण आलं नाही आणि कोणाचं बीपी आटोक्यात आहे, यावरच नजर असते. तिथे पुढे वापरात आलेल्या ‘सिम्पल’ या अ‍ॅपमध्ये पेशंटच्या हातात क्यूआर कोडचं कार्ड देतात, म्हणजे नाव शोधत बसायला नको.

खोक्याचे दोष आहेतच. प्रत एकच, पावसात कार्डं दमट होतात, सिस्टर रजेवर गेली की कप्पे तुंबतात, वर्षभराच्या शुगरचा चढउतार आलेखासारखा एका नजरेत दिसत नाही. काउंटरवर उघडा ठेवलात तर गावाला सगळ्यांचे आजार कळतील, तेव्हा तो कपाटातच हवा. आणि क्षयरोगाचा पेशंट निघाला तर सरकारकडे नोंद करायचीच आहे, त्यासाठी निक्षय हे सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. २०१२पासून ती खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.

दोन डॉक्टर, दोन शाखा किंवा औषधांचा मोठा साठा असेल तर सॉफ्टवेअरच घ्या, त्यात वाद नको. एकट्याचा दवाखाना आणि जुनाट आजारांचे पेशंट असतील, तर मी बिलं सॉफ्टवेअरमध्ये आणि फॉलोअप खोक्यात ठेवीन. डेमोला माणूस आला की त्याला आलेख मिटायला सांगा आणि मागच्या महिन्यात यायला हवी होती पण आली नाहीत अशांची यादी काढायला लावा, एका नंबरवर पाच जण असलेलं घर धरून. तो म्हणाला ‘कस्टमाइज करून देऊ’, तर आधी करून आणा म्हणावं, चेक नंतर.